रस्ता नव्याने होतोय? सायकल ट्रॅकसाठी आधी माणसं जोडा

पुण्यात सायकल ट्रॅकला तोंडावर "नको" म्हणणारा माणूस सहसा भेटत नाही. सायकल तब्येतीला चांगली, प्रदूषण नाही, एकेकाळी हे सायकलींचं शहर होतं, हे सगळं सगळ्यांना मान्य असतं. गाडं अडतं ते पुढच्या प्रश्नावर: दुकानासमोरची गाडी आता कुठे लावायची? म्हणून सायकलचे फायदे सांगत फिरण्यात वेळ घालवू नका. आपल्या भागातल्या एखाद्या रस्त्याची पुनर्रचना होणार असेल आणि त्यात सायकल ट्रॅक यावा, आला तर वापरता यावा असं वाटत असेल, तर पार्किंग, गेट, हातगाड्या आणि चौक या चार गोष्टींची उत्तरं नकाशा पक्का होण्याआधी लोकांसोबत बसून काढावी लागतात. ती कशी काढायची, ते क्रमाने सांगतो. उदाहरणं पुण्याची आहेत. राज्यातल्या इतर महापालिकांत खात्यांची नावं थोडी बदलतील, कामाची रीत साधारण हीच.

कागदावर तुमची बाजू भक्कम आहे, हे आधी लक्षात घ्या. केंद्राच्या 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात पायी आणि सायकलने जाणाऱ्यांना रस्त्यावर रास्त जागा द्यायचं तत्त्व आहे. पुणे महापालिकेची रस्तेरचनेची मार्गदर्शक तत्त्वं 2016 पासून आहेत, आणि डिसेंबर 2017 मध्ये मुख्य सभेने शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. त्यामुळे "ट्रॅक हवा की नको" या वादात शिरायचं कारणच नाही. खरा वाद तुमच्या पाचशे मीटरचा असतो, आणि तो त्या पाचशे मीटरवरच सुटतो.

काम कुठल्या टप्प्यावर आहे ते शोधा

हे पहिलं काम, कारण टप्पा चुकला की बाकीची मेहनत वाया. निविदा निघून कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करायचा लेखी आदेश) दिला गेला असेल तर आडवा छेद, म्हणजे रस्त्याच्या रुंदीत कशाला किती जागा ते दाखवणारं चित्र, बदलून घेणं जवळपास अशक्य. तेव्हा फक्त तपशील सुधारता येतात: उतार, चेंबर, गेटसमोरची पातळी. पूर्वगणनपत्रक (कामाच्या खर्चाचा हिशेब) अजून तयार होत असेल, तर सगळं शक्य आहे.

पथ विभागात जाऊन त्या रस्त्याचे कनिष्ठ अभियंता कोण ते विचारा आणि तीन कागद बघायला मागा: रस्त्याचा प्लॅन, आडवा छेद आणि सेवावाहिन्यांचा (पाणी, ड्रेनेज, केबल) नकाशा. तोंडी विचारणा बऱ्याचदा पुरते. नाही पुरली तर महापालिकांमध्ये दर सोमवारी दुपारी 3 ते 5 अभिलेख पाहू देण्याचा शासनाचा 2018 चा आदेश आहे, तो तुमच्याकडे अजून पाळला जातो का ते विचारून त्याचा आधार घ्या. तेही झालं नाही तर माहिती अधिकार. अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर 150 शब्दांच्या आत. उत्तराला 30 दिवस, नंतर पहिलं अपील. "सर्व माहिती द्यावी" असं कधीच लिहू नका, तो अर्ज फेटाळायला सोपा असतो. "अमुक चौक ते तमुक चौक या लांबीच्या मंजूर आडव्या छेदाची प्रत" असं लिहा.

अंदाजपत्रकाचं वेळापत्रकही डोक्यात ठेवा. नागरिकांकडून पुढच्या वर्षाच्या कामांच्या सूचना मागवण्याची पद्धत पुण्यात 2006 पासून आहे. अर्ज पावसाळ्याच्या शेवटी क्षेत्रीय कार्यालयात घेतले जातात. एकेका कामाला बराच काळ 5 लाखांची मर्यादा होती, त्यामुळे अख्खा ट्रॅक यातून होत नाही. पण सायकल स्टँड, उतार दुरुस्ती, चौकातले पट्टे, बोलार्ड (गाड्या अडवायचे बुटके खांब) अशी कामं होतात, आणि पहिल्याच वर्षी काहीतरी झालेलं दिसलं की माणसं टिकतात.

मोजणी: दोनच तक्ते, पण नीट

आकड्यांशिवाय सभेला गेलात तर "इथे सायकल चालवतं कोण?" या एका वाक्याने सभा संपते. दोन मोजण्या करा.

पहिली सायकलींची. वेळ सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 5 ते 8, पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने. कामाचे दोन दिवस आणि एक रविवार पुरे. नवख्यांची हटकून होणारी चूक म्हणजे सकाळी 11 वाजता मोजणं. तोवर दूध-पेपरवाले, रात्रपाळी संपवून घरी जाणारे सिक्युरिटी गार्ड, बांधकामावरचे मजूर, शाळेची मुलं सगळे निघून गेलेले असतात. आकडा निम्माही येत नाही आणि विरोधकांच्या हाती आपणच कोलीत देतो. तक्त्यात रकाने असे करा: विद्यार्थी, कामावर जाणारे, माल वाहणारे, हौसेने चालवणारे, शिवाय बाई की पुरुष, आणि सायकल नक्की कुठून चालली होती: रस्त्याच्या कडेने, पदपथावरून की उलट्या दिशेने.

तो उलट्या दिशेचा रकाना गाळू नका. जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता अशी एकेरी जोडी जिथे असते, तिथे सायकलवाला वळसा घालून जात नाही, सरळ उलटा येतो. दुभाजकात लांबवर फट नसलेल्या रस्त्यावरही हेच. बरेच जण उलटे जाताना दिसले, तर दोन्ही बाजूंना 2 मीटरचे एकेरी ट्रॅक मागून उपयोग नाही. एका बाजूला 3 मीटरचा दुहेरी ट्रॅक किंवा दुभाजकात सायकलपुरती वाट मागावी लागेल. शिस्तीवर भाषण देऊन हा प्रश्न सुटत नाही.

दुसरी मोजणी पार्किंगची, आणि तुमच्या सगळ्या कामात सर्वांत मोलाची हीच. रस्त्याचे 50-50 मीटरचे तुकडे पाडा. प्रत्येक तुकड्यात दर अर्ध्या तासाने फेरी मारून उभ्या गाड्यांचे शेवटचे चार आकडे लिहा, चारचाकी आणि दुचाकी वेगवेगळ्या कागदावर. वेळ सकाळी 10 ते 1 आणि संध्याकाळी 5 ते 9. दोघांच्या जोडीने एक जण वाचतो, एक लिहितो, 200 मीटरची फेरी दहा-पंधरा मिनिटांत होते. नंतर घरी बसून बघा, कुठला नंबर किती फेऱ्यांत आला. एका फेरीत येऊन गेलेली गाडी गिऱ्हाइकाची. सलग सहा फेऱ्यांत दिसणारी गाडी किमान अडीच तास हललेली नाही, ती दुकानाच्या मालकाची, नोकराची नाही तर मागच्या सोसायटीतल्या कुणाची तरी दुसरी गाडी.

हा तक्ता दुकानदारासमोर ठेवला की बोलणं बदलतं. तोवर तो "माझं गिऱ्हाईक तुटेल" म्हणत असतो. आता त्याला दिसतं, की गिऱ्हाइकाची जागा शेजारच्या गाळ्याच्या मालकाने सकाळपासून अडवलेली आहे. मात्र यात कुणाचा नंबर सभेत वाचून दाखवू नका, की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. फक्त आकडे सांगा. एकदा कुणाला उघडं पाडलंत की तो माणूस कायमचा विरोधात गेला म्हणून समजा.

आडवा छेद वाचायला शिका

नकाशा समजत नसलेला माणूस सभेत "सगळं बसेल हो" म्हणून मोकळा होतो. बसत नाही. 24 मीटरच्या डीपी रस्त्याचा (शहराच्या विकास आराखड्यातल्या रस्त्याचा) हिशेब करून बघू. दोन्ही पदपथ अडीच-अडीच मीटरचे, म्हणजे 5. दोन्ही बाजूंचे ट्रॅक 2-2 मीटरचे, म्हणजे 4. ट्रॅक आणि गाड्या यांच्यामध्ये अर्ध्या-अर्ध्या मीटरची पट्टी, म्हणजे 1. वाहनांच्या चार मार्गिका 3-3 मीटरच्या, म्हणजे 12. दुभाजक 1. एकूण झाले 23. उरला 1 मीटर, आणि रस्त्याला समांतर चारचाकी लावायला किमान 2 मीटर लागतात. दुभाजक अर्ध्या मीटरचा केला आणि दोन्ही पदपथ पाव-पाव मीटरने कमी केले, तर तो आणखी 1 मीटर मिळतो आणि एका बाजूला पार्किंग बसतं. दोन्ही बाजूंना बसत नाही. झाडं आणि बसथांबे याच 2 मीटरच्या पट्टीत घ्यावे लागतात, म्हणजे पार्किंगची सलग रांगही मिळत नाही.

हे गणित लोकांनी स्वतः मांडलं पाहिजे. तुम्ही मांडून दाखवलंत तर ते तुमचं मत ठरतं.

काही मापं पाठच करा. एकेरी ट्रॅकला 2 मीटर लागतात, कारण हँडल, कोपरं आणि डुलण्यासाठीची जागा धरून एका सायकलला साधारण 1 मीटर हवा, आणि मागच्याला पुढे जाता आलं पाहिजे. दोन्ही बाजूंना किटल्या लावलेली दूधवाल्याची सायकल आणखी जागा घेते. ट्रॅक दीड मीटरचा केला, की त्यावर एक हातगाडी आली तरी तो बंद पडतो. मधली अर्धा मीटरची पट्टी शोभेची नाही. उभ्या गाडीचं दार उघडतं तेव्हा सायकलवाला त्यावर आदळू नये म्हणून ती असते. पैसे किंवा जागा कमी पडली की सगळ्यांत आधी हीच पट्टी कापली जाते, म्हणून तिच्यावर डोळा ठेवा. सायकल ट्रॅकच्या रचनेसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची (आयआरसी) 11 क्रमांकाची संहिता आहे, तिची 2015 ची आवृत्ती. अभियंत्याशी बोलताना तिचं नाव घ्या. "परदेशात असं असतं" पेक्षा "आयआरसी 11 मध्ये असं आहे" हे वाक्य सरकारी टेबलावर जास्त चालतं.

पदपथाला चिकटून, एकाच पातळीवर, फक्त रंगाने वेगळा केलेला ट्रॅक गर्दीच्या रस्त्यावर मागू नका. जंगली महाराज रस्त्यावर पदपथाला लागून ट्रॅक आहे आणि संध्याकाळी त्यावर चालणारेच जास्त दिसतात. चालणाऱ्यांचा काही दोष नाही, माणसं तेवढी आहेत. बाजाराच्या रस्त्यावर ट्रॅक पदपथापेक्षा थोडा खाली आणि रस्त्यापेक्षा थोडा वर असावा, मध्ये हाताला-पायाला जाणवेल अशी कड असावी. अंध व्यक्तीलाही ती काठीने कळते.

गाळा-गाळा, गेट-गेट

आता माणसं. रस्त्याला लागून असलेल्या प्रत्येक मालमत्तेची यादी करा: गाळे, सोसायट्या, शाळा, दवाखाने, मंगल कार्यालयं, देवळं, पेट्रोल पंप. पाचशे मीटरच्या बाजारपेठेत ही यादी सहज शंभरावर जाते. प्रत्येकाकडे जायचं, आणि जाताना "पाठिंबा द्या" म्हणायचं नाही. विचारायचं: तुमचा माल किती वाजता येतो? टेम्पो कुठे लागतो? पाण्याचा टँकर येतो का? म्हातारी माणसं रिक्षातून कुठे उतरतात? ही उत्तरं नकाशावर पेन्सिलने लिहायची. टेम्पो सकाळी 7 ते 9 मध्ये येत असेल, तर तिथे माल उतरवायची जागा आखून मागता येते. ते न विचारता ट्रॅक झाला तर टेम्पो ट्रॅकवरच उभा राहील, आणि त्या दुकानदाराचं चूक आहे असंही म्हणता येणार नाही.

दुकानदारांकडे दुपारी 3 ते 5 मध्ये जा, तेव्हा गल्ल्यावर गर्दी नसते. दुपारी 1 ते 4 दुकान बंद ठेवणारे पुण्यात अजून आहेत, त्यांना 4 नंतर गाठा. आधी व्यापारी संघटनेच्या अध्यक्षांना भेटायचं की आधी साध्या दुकानदारांना? आमचं मत: आधी पाच-सात दुकानदार, मग अध्यक्ष. अध्यक्षाला संघटनेचं मत सांगावं लागतं, आणि ते मत तोवर बनलेलं नसेल तर तो सावधपणे "नाही" म्हणून ठेवतो. एकदा वर्तमानपत्रात आलेलं "नाही" मागे घेणं त्यालाही अवघड जातं.

सोसायट्यांत चेअरमन-सेक्रेटरींचं पत्र घ्या, पण त्याआधी गेट मोजा. गेटच्या जागी ट्रॅक खाली उतरता कामा नये. ट्रॅक सपाट जातो, गाडी त्या अर्ध्या मीटरच्या पट्टीतल्या छोट्या उतारावरून चढते आणि ट्रॅक ओलांडून आत जाते. बीआरटीच्या (बससाठी राखीव मार्गिकांच्या) काळात झालेल्या ट्रॅकवर बहुतेक ठिकाणी उलटं होतं: दर गेटला ट्रॅक खाली-वर, खाली-वर. असा ट्रॅक सायकलवाला दोनदा वापरतो आणि तिसऱ्या दिवशी रस्त्यावरून जातो. मग तोच ट्रॅक दाखवून म्हणतात, बघा, कुणी वापरत नाही.

हातगाडीवाले आणि पथारीवाले यांना अतिक्रमण समजून बाहेर ठेवलंत, तर दोन नुकसानं. एक, 2014 च्या पथविक्रेता कायद्याने त्यांना संरक्षण आहे आणि नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य त्यांचेच प्रतिनिधी असतात. त्यांच्या मागे ती समिती उभी राहील. दुसरं, त्यांना जागा दिली नाही तर ते जाणार नाहीत, ट्रॅकवर येतील. पार्किंगच्या पट्टीतली प्रत्येक दहा-पंधरा मीटरनंतरची एक जागा विक्रेत्यांसाठी आखून मागा. गिऱ्हाईक पदपथाच्या बाजूने उभं राहील अशा तोंडाने गाडी लावायची, नाहीतर भेळ खाणारी माणसं ट्रॅकवर उभी राहतात.

ज्येष्ठ नागरिक संघ हे तुमचे सर्वांत चांगले सोबती होऊ शकतात, किंवा सर्वांत ठाम विरोधक. त्यांची भीती एकच: सायकली आणि त्यामागून स्कूटर पदपथावर येणार. त्यांना ट्रॅकबद्दल न सांगता पदपथाबद्दल सांगा: 1.8 मीटर तरी सलग मोकळी वाट, मधे विजेची डीपी किंवा फीडर पिलरची पेटी नाही, चढायला बेताची पायरी.

आणि जे खरोखर रोज सायकल चालवतात, ते तुमच्या सभेला कधीच येणार नाहीत. संध्याकाळी साडेसहाला गार्डची पाळी असते. मजुरांचा नाका सकाळी 8 ला भरतो, तिथे जा. शाळेच्या सायकल स्टँडवर जा. पंक्चरवाल्याकडे तासभर बसा, त्याला कुठला खड्डा, कुठली जाळी सायकली पाडते हे अभियंत्यापेक्षा नेमकं माहीत असतं. हेल्मेट घालून रविवारी सिंहगडाला जाणाऱ्यांचा गट मदतीला जरूर घ्या, पण बोलायला पुढे त्यांनाच ठेवलंत तर ही मागणी हौशी लोकांची म्हणून बाजूला पडते.

पट्टीची सभा

स्लाइड दाखवणारी सभा टाळा. रस्त्याचा प्लॅन 1:200 प्रमाणात लांब पट्टीवर छापून घ्या. पाचशे मीटरचा रस्ता अडीच मीटर लांब कागदावर येतो, फ्लेक्सवाल्याकडे तासाभरात होतो. शाळेची दोन-तीन बाकं जोडून पट्टी त्यावर अंथरा. पुठ्ठ्याचे तुकडे कापा: चारचाकीचा अडीच सेंटिमीटर लांब आणि एक रुंद, दुचाकीचा एक बाय अर्धा, बसचा सहा बाय सव्वा. पार्किंगच्या मोजणीत जेवढ्या गाड्या आढळल्या तेवढेच तुकडे टेबलावर ठेवा. आणि लोकांना सांगा, लावा.

पहिली दहा मिनिटं सगळे आपापल्या दुकानासमोर गाड्या लावतात. मग बसथांबा येतो, झाड येतं, गेट येतं, आणि हातात तुकडे उरतात. तिथून खरी चर्चा सुरू होते: मागच्या गल्लीत किती बसतील, महापालिकेचा वाहनतळ किती लांब आहे, सम-विषम तारखांचं पी-1 पी-2 करता येईल का, गिऱ्हाइकाला अर्धा तास आणि बाकीच्यांना पैसे असं चालेल का. कुणाचं तरी नुकसान होणारच आहे, ते लपवू नका. "एकही पार्किंग जाणार नाही" असं वचन दिलंत तर काम सुरू झाल्या दिवशी तुमची पत संपते.

एका सभेत तीसपेक्षा जास्त माणसं नकोत. चौकाचौकानुसार तीन-चार छोट्या सभा घ्या. प्रत्येक सभेनंतर पट्टीचा फोटो, ठरलेल्या गोष्टी आणि न ठरलेल्या गोष्टी असं एक पान लिहून सगळ्यांना पाठवा. न ठरलेल्या गोष्टींचा भाग लांब असेल तरी चालेल.

फक्कीने आखून बघा

कागदावर 2 मीटर किती असतात ते कुणालाच कळत नाही. रस्त्यावर आखलं की कळतं. औंधच्या डीपी रस्त्यावर पुणे स्मार्ट सिटीनेही पक्क्या बांधकामाआधी तात्पुरत्या अडथळ्यांची चाचणी घेतली होती. तुमच्याकडे तेवढी साधनं नसली तरी 200 मीटरचा तुकडा एका रविवारी सकाळी 6 ते 10 आखता येतो. क्षेत्रीय कार्यालय आणि वाहतूक शाखा दोघांची लेखी परवानगी लागते, अर्ज तीन आठवडे आधी द्या. परवानगीशिवाय केलंत तर दुसऱ्यांदा मिळणार नाही.

सामान असं: मैदान आखायची चुन्याची फक्की 25 किलोची दोन पोती, 30 मीटरचा टेप, सुतळी, रस्त्यावर ठेवायचे प्लास्टिकचे 80 कोन (3 मीटरवर एक, गेट आणि गल्लीच्या तोंडाशी निम्म्या अंतरावर), प्रत्येक टोकाला एक दिशाफलक, चमकणारी जॅकेटं. माणसं बारा: दोन्ही टोकांना दोन-दोन, गल्ल्यांच्या तोंडाशी चार, मोजणीला दोन, लोकांशी बोलायला दोन. सुतळी ताणून त्यावर फक्की सोडा, हाताने रेघ कधीच सरळ येत नाही. कोन नुसते ठेवू नका, त्यात थोडी वाळू भरा. नाहीतर पहिल्या बसच्या वाऱ्याने आडवे होतात. पावसाळ्यात हे करू नका, आणि रस्ता ओला असेल तर पुढे ढकला: ओली फक्की घसरते आणि तुमच्या चाचणीतच कुणी पडलं तर विषय संपला.

त्या सकाळी तीन गोष्टी बघायच्या. बस थांब्यावर थांबते तेव्हा ट्रॅक कुठून जातो? तो थांब्याच्या मागून गेला पाहिजे, पुढून गेला तर उतरणारा प्रवासी थेट सायकलसमोर येतो. डावीकडे वळणारी गाडी ट्रॅक कसा कापते? आणि चौकात ट्रॅक कुठे संपतो? बहुतेक ट्रॅक चौकाच्या पन्नास मीटर आधी संपतात, म्हणजे जिथे गरज सर्वांत जास्त तिथेच सायकलवाला उघड्यावर पडतो. चौकात उंच पट्टा, थांबरेषेपुढे सायकलींसाठी जागा आणि वळणाची त्रिज्या कमी करणं, या तीन मागण्या ट्रॅकइतक्याच महत्त्वाच्या. आमच्या मते जास्त.

कागद

ऑनलाइन याचिकेवरच्या हजारो सह्यांपेक्षा त्या रस्त्यावरच्या साठ पत्त्यांच्या सह्या जड पडतात. सहीच्या तक्त्यात चार रकाने ठेवा: नाव, गाळा किंवा सदनिका क्रमांक, इथे काय (राहतो, दुकान आहे, रोज सायकलने जातो), आणि "माझी अट". शेवटचा रकाना महत्त्वाचा. "टँकरला जागा राहिली तर पाठिंबा" अशी अट लिहून सही करणारा माणूस पुढे फिरत नाही. फोन नंबर वेगळ्या कागदावर, तो अर्जाला जोडायचा नाही.

पत्र एका पानाचं. पथ विभागाच्या प्रमुखांना, प्रत क्षेत्रीय कार्यालय, नगरसेवक असतील तर त्यांना, प्रशासकाचा काळ असेल तर आयुक्तांना, आणि वाहतूक शाखेच्या उपायुक्तांना. मजकूर असा:

"विषय: अमुक चौक ते तमुक चौक रस्त्याच्या पुनर्रचनेतील सायकल ट्रॅकबाबत. या लांबीतील इतक्या मालमत्तांपैकी इतक्यांशी प्रत्यक्ष चर्चा करून सोबतचा आडवा छेद सुचवत आहोत. सायकल व पार्किंग मोजणीचे तक्ते, माल उतरवण्याच्या जागा व विक्रेत्यांच्या जागा दर्शवणारा नकाशा आणि सह्या सोबत जोडल्या आहेत. पूर्वगणनपत्रक अंतिम करण्यापूर्वी जागेवर संयुक्त पाहणी ठेवावी, ही विनंती."

"संयुक्त पाहणी" हा शब्द विसरू नका. पथ, उद्यान, विद्युत, मलनिःसारण, अतिक्रमण, महावितरण, पीएमपी (शहर बससेवा) आणि वाहतूक पोलीस एकाच वेळी रस्त्यावर उभे राहिले, की महिन्यांची पत्रापत्री दोन तासांत संपते. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. शिक्का नसलेलं पत्र म्हणजे न दिलेलं पत्र.

पार्किंग बदलणार असेल तर वाहतूक शाखेची अधिसूचना निघते आणि तिच्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात. इथे गाफील राहू नका. विरोधक हरकती देतात, समर्थक गृहीत धरून बसतात. तुमच्या माणसांनीही आपापल्या शब्दांत सूचना द्यायच्या. एकच मजकूर पन्नास जणांनी पाठवला, तर तो एकच धरला जातो.

काम सुरू असताना टेप घेऊन फिरा

ठरलेला नकाशा आणि जागेवरचं काम यांत फरक पडतोच. ठेकेदार लबाडच असतो असं नाही. खोदल्यावर जुनी केबल निघते, झाडाची मुळं निघतात, आणि तिथल्या तिथे ट्रॅक सरकवला जातो. कामाची पाहणी करण्याचा हक्क माहिती अधिकार कायद्याच्या कलम 2 मध्येच आहे. आठवड्यातून एकदा दोघांनी जायचं आणि पुढच्या गोष्टी बघायच्या.

रुंदी कडेच्या दगडांच्या आतून मोजा, बाहेरून नाही. पृष्ठभाग डांबर किंवा सलग काँक्रीटचा असू दे. पेव्हर ब्लॉकवर सायकल थरथरते आणि वर्ष-दोन वर्षांत ब्लॉक खचून उंचसखल होतात. चेंबरची झाकणं ट्रॅकच्या पातळीला हवीत, 3 मीटरची सरळ पट्टी ठेवली की फट लगेच दिसते. पावसाळी जाळीचे गज चाकाच्या दिशेला आडवे असले पाहिजेत. उभे बसवले तर सायकलचं अरुंद चाक आत जातं आणि माणूस तोंडावर पडतो. उताराच्या तळाशी दोन सेंटिमीटरचीही पायरी नको. आणि एक बादली पाणी ओतून बघा. ते ट्रॅकवर साचलं, तर जूनमध्ये ट्रॅकचं डबकं होणार. या दुरुस्त्या काँक्रीट ओतायच्या आधी सांगितल्या तर होतात, नंतर फक्त पत्रव्यवहार होतो.

बोलार्डबद्दल लोकांच्या अपेक्षा फार असतात. दोन बोलार्डमध्ये व्हीलचेअर जायला 1.2 मीटर मोकळे हवेत, आणि तेवढ्यातून स्कूटर आरामात जाते. बोलार्ड चारचाकी अडवतो, दुचाकी नाही. दुचाकी अडवायला वाकडेतिकडे लोखंडी अडथळे लावले की सायकल, व्हीलचेअर, बाबागाडी सगळंच अडतं. त्यामुळे स्कूटरचा बंदोबस्त लोखंडाने होत नाही, पावतीने होतो. 2017 च्या वाहनचालन विनियमांनुसार सायकल ट्रॅकवर वाहन लावायला मनाई आहे, तेवढा आधार पोलिसांना पुरतो.

पहिले सहा आठवडे

ट्रॅक खुला झाल्यावरचे पहिले सहा आठवडे सवय ठरवतात. या काळात पहिली गाडी उभी राहिली आणि कुणी काही बोललं नाही, तर महिन्याभरात तो पार्किंगचा पट्टा होतो. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातला 2011 चा ट्रॅक असाच गाड्यांखाली गेला. वाहतूक शाखेला आधीच पत्र देऊन या सहा आठवड्यांत सकाळ-संध्याकाळ कारवाई मागा. पहिल्या आठवड्यात समज, नंतर पावती, असं म्हणालात तर दुकानदारांचंही सहकार्य मिळतं. सकाळच्या वेळेत तुमचीच वीस-पंचवीस माणसं रोज सायकलने गेली तर फार फरक पडतो. वापरात असलेल्या ट्रॅकवर गाडी लावायला माणूस थोडा कचरतो.

झाडलोट कोण करणार, हे आधीच ठरवून घ्या. रस्ता झाडणारा कर्मचारी बीटप्रमाणे (त्याला नेमून दिलेल्या भागाप्रमाणे) काम करतो, आणि ट्रॅक कुणाच्याच बीटमध्ये नसेल तर त्यावर वाळू, पानं आणि काचा साठतात. आरोग्य निरीक्षकाला पत्र देऊन तो बीटमध्ये घ्यायला सांगा. सहा महिन्यांनी तीच मोजणी, त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा करा आणि जुन्या तक्त्याशेजारी लावून त्याच शंभर दुकानांत आणि सोसायट्यांत वाटा. गिऱ्हाइकाच्या गाड्या किती फेऱ्यांत दिसल्या तो आकडा वरती छापा, सायकलींचा त्याखाली.

कार्यादेशात दोष दायित्व कालावधी किती वर्षांचा आहे ते शोधून, तो संपायच्या तीन महिने आधीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्या दिवशी सगळे मिळून ट्रॅकवरून एक फेरी मारा, खचलेली झाकणं, सुटलेले दगड, पुसलेले पट्टे यांची फोटोसह यादी करा आणि आवक शिक्क्यासह पथ विभागाला द्या. तोवर दुरुस्तीचा खर्च ठेकेदाराचा असतो, त्यानंतर त्यासाठी नव्याने तरतूद मागावी लागते.